ग्रीस मी म्हणालो होतो

आमच्याकडे मुलीचं स्थळ पाहताना तिच्या घरच्यांना फारसं कुणी विचारत नाही. ते चांगलंच सांगणार. विचारतात जुन्या शेजाऱ्याला. रविवारी दोन माणसं येतात, चहाला नको नको म्हणत कप हातात घेतात, पावसापाण्याचं बोलतात आणि उठता उठता, चपलेत पाय सरकवताना विचारतात, "घर कसं आहे हो ते?" शेजारी काय बोलतो याला फार किंमत नसते. तो बोलायला किती वेळ लावतो, ते लोक बघतात.

मी वेळ लावला होता. मग म्हणालो, "तसा आमचा फारसा संबंध नव्हता."

ते स्थळ मोडलं. मुलगी माझ्या सायकलच्या दांडीवर बसून बालवाडीत गेलेली. तिच्या बापाच्या अंगणात मी लग्नाआधीपासून भाडेकरू होतो. लग्न झालं तेव्हा माझ्या बायकोला मापटं ओलांडून घरात घेतलं ते तिच्या आईनं. आणि मी म्हणालो, संबंध नव्हता. माणसं निघून गेल्यावर रिकामे कप मीच उचलले, विसळले, पालथे घातले. बायको म्हणाली, आज काय झालं तुम्हाला. मी म्हणालो, काही नाही.

मुळात मी कमी बोलणारा. लोक त्याला सज्जनपणा समजतात. मीही पुष्कळ वर्षं तसंच समजत होतो.

नाशिक रोडहून एकलहऱ्याकडे जाताना तेव्हा मळेच मळे होते. कोबी, मेथी, झेंडू, शेवंती. नव्वदीच्या सुरुवातीला मला एकलहऱ्याच्या वीज केंद्रात नोकरी लागली आणि मी त्या मुलीच्या घरच्या मळ्यात दोन खोल्या भाड्याने घेतल्या. घरात म्हातारी, तिचे दोन मुलगे, थोरल्याची बायको आणि त्यांची छोटी मुलगी. थोरल्याला मी दादा म्हणायचो, त्याच्या बायकोला वहिनी. धाकट्याचं लग्न व्हायचं होतं. सगळे त्याला धाकटाच म्हणत, म्हणून मीही.

मला ते लाईटवाले म्हणत. वहिनीच्या तोंडाला हाड नव्हतं. मी स्टोव्हवर काहीतरी शिजवत असलो की दारातून डोकावून म्हणायची, "लाईटवाले, भाजी शिजू राह्यली का तिला शॉक देऊ राह्यले?" आणि ताटात पिठलं टाकून जायची. आसपासच्या सगळ्या लग्नांचे हार तिच्या हातचे. तिनं ओवलेली शेवंतीची वेणी दुसऱ्या दिवशीही सुटत नसे.

दादा शांत माणूस. सकाळी वीज केंद्राच्या चिमणीचा धूर कुठल्या बाजूला वाकलाय ते बघून औषध मारायचं की नाही ठरवायचा. त्यानं बांधाजवळ नवी विहीर पाडली होती आणि तिला पाणी लागलं होतं, पण विजेचं कनेक्शन मिळत नव्हतं. अर्ज पडून होता. त्या साली भाद्रपदात पावसानं ओढ दिली, आणि झेंडू दसऱ्याला आला पाहिजे. एक दिवस दादा माझ्या दाराशी बसून म्हणाला, "लाईटवाले, चिमणी आमच्या बांधावरून दिसती आन विहिरीवर अंधार. दिव्याखाली अंधार म्हणत्यात तो ह्योच."

त्यानं मागितलं नव्हतं. हे मला आता नीट सांगायचंय. त्यानं फक्त एवढंच म्हटलं होतं. पुढचं मी बोललो. म्हणालो, चार दिवसांपुरता आकडा टाकून देतो.

आकडा म्हणजे काय हे खेड्यात कुणाला सांगावं लागत नाही. वरून जाणाऱ्या तारेवर बांबूनं वाकडी वायर अडकवायची आणि खाली मोटर चालवायची. चोरीच ती. पकडलं तर गुन्हा, आणि माझ्यासारख्यानं टाकला तर नोकरी जाणार. पण तेव्हा मला त्यात कौतुक वाटलं. ह्या घरानं मला जेवू घातलं होतं आणि मला येत असलेली ही एकच गोष्ट त्यांच्या कामाची होती.

मी दादाला शिकवलंही. बांबू कोरडा पाहिजे. पायात रबरी चप्पल. काढताना, घालताना एक हात पाठीवर ठेवायचा. म्हणजे चुकून लागलाच, तर करंट ह्या हातातून त्या हातात, छातीतून जात नाही. दादा एक हात पाठीवर ठेवून चालून दाखवायला लागला, तर म्हातारी ओट्यावरून म्हणाली, "काय रं, पुढारी झाला का?" सगळे हसले. छोटी तर महिनाभर एक हात पाठीवर ठेवूनच अंगणात फिरायची.

आता जे लिहितो ते बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. वरची वायर आणि मोटरची केबल जिथं जोडली, विहिरीशेजारच्या कडुलिंबाला बांधली, तिथं जोडावर चिकटपट्टी लावायला हवी होती. काळी टेप. माझ्या पिशवीतली संपली होती. मी दुधाची रिकामी पिशवी फाडून त्या जोडावर गुंडाळली, सुतळीनं बांधली आणि म्हणालो, उद्या टेप आणतो. उद्या माझी शिफ्ट बदलली. परवा विसरलो. मग मोटर चालतच होती, पाणी येत होतं, झेंडू हिरवागार झाला होता, आणि आठवण करून देणारं काही राहिलं नाही.

माझं नुकतंच लग्न झालेलं, बायको माहेरी गेली होती. तिसरी पाळी करून मी सकाळी सायकलवर येत होतो. पहाटे भुरभुर पडून गेली होती. वहिनीची हाक ऐकू आली ती माझ्या नावाची नव्हती, नुसताच आवाज होता. विहिरीपाशी दादा पडलेला. अनवाणी. केबल हाताशी. धाकटा त्याला ओढायला वाकला होता, मी ओरडलो आणि त्याला लाथेनं बाजूला केलं. बांबूनं आकडा तारेवरून पाडला. मग मी दादाच्या छातीवर दाबत राहिलो, आम्हाला शिकवलं होतं तसं. वहिनीनं बऱ्याच वेळानं माझ्या खांद्याला हात लावला तेव्हा थांबलो.

त्याचा उजवा तळहात काळा पडला होता. दुधाची पिशवी वितळून जोडाला चिकटली होती.

काय करायचं ते म्हातारीनं ठरवलं. पोलीस येणार, चिरफाड होणार, हे तिला कळत होतं. ती म्हणाली, "माझ्या लेकराला फाडू देणार नाय मी. अटॅक आला म्हणा." धाकटा माझ्याकडे बघत होता. वहिनी दादाकडे. मी काहीच बोललो नाही. तिनं हे माझ्यासाठी केलं नव्हतं, मुलासाठी केलं होतं. पण मला सुटल्यासारखं झालं, हे खरं आहे. मी वायर गुंडाळली, घमेल्यात घातली आणि वर शेण टाकून बाहेर नेली. डॉक्टरांनी घरच्यांनी सांगितलं तसं लिहून दिलं.

अंघोळ घालताना दादाच्या चुलत्यानं तो हात पाहिला. चुलते बाजूच्या मळ्यात राहत. तांब्या थांबवून त्यांनी विचारलं, "हे काळं कशाचं?"

धाकट्यानं मान खाली घातली. मी म्हणालो, "ग्रीस असेल मोटरचं."

त्यांनी साबण लावून तो हात चोळला. पुन्हा चोळला. निघालं नाही. मग त्यांनी तो हात हळूच खाली ठेवला.

वर्ष सरायच्या आत म्हातारी गेली. तिला कसलाच आजार नव्हता. जेवण कमी कमी करत गेली आणि एका दुपारी उठलीच नाही. गंगेवर, गोदावरीच्या घाटावर, दहावं झालं तेव्हा माझ्या शेजारी बसलेला धाकटा हळू आवाजात म्हणाला, "लाईटवाले, आता आपुन तिघंच." मला लगेच समजलं नाही. त्या सकाळचं खरं जाणणारे आम्ही तेव्हा चार जण होतो. आता तो, वहिनी आणि मी.

त्यानं मला कधी दोष दिला नाही. उलट मला मुलगा झाला तेव्हा पेढे त्यानं वाटले. पण कधी कधी मोटर सुरू करायला जाताना एक हात पाठीवर ठेवायचा आणि माझ्याकडे बघायचा. थट्टा होती की आठवण, मला विचारायचं धैर्य झालं नाही.

मग पुढच्या काही वर्षांत मळ्यांचे प्लॉट पडायला लागले. जमीन विकत मागायला एक जीप यायची. धाकटा त्यांना बांधावरूनच परत पाठवायचा. वहिनीनं एकदा माझ्या बायकोला सांगितलं की जीपमधला एक जण फार वाईट बोलून गेला. बायकोनं मला सांगितलं. मी म्हणालो, असतात तसे लोक.

धाकटा रोज पहाटे फुलं घेऊन बाजारात जायचा. लुनावर, गाठोडी मागे बांधलेली. मळ्यातून रस्त्याला लागण्याआधी पेरूची बाग होती. एके दिवशी फटफटल्यावर दूध घालणाऱ्याला तो तिथं पालथा पडलेला दिसला. मागून डोक्यात घातलं होतं. फुलांची गाठोडी तशीच बांधलेली, खिशातलं तसंच. लुना झाडाला नीट टेकवून ठेवलेली. म्हणजे तो स्वतः थांबला होता, कुणाशी तरी बोलायला. ओळखीचं माणूस असणार, असं सगळे म्हणाले. मग सगळ्यांनी ओळखीची माणसं मोजायला घराकडे बघितलं.

घरात उरली होती वहिनी आणि लहान मुलगी.

चुलत्यांनी पोलिसांना तो काळा हात सांगितला. त्यांचं खोटं नव्हतं, त्यांनी तो चोळला होता. पण मधल्या वर्षांत गोष्ट त्यांच्या मनात कुरतडत राहिली असावी. ते म्हणाले, "बाईनं सांगितलं ग्रीस हाय. ग्रीस निघत नसतं व्हय साबणानं? इष असतंय ते." मी तिथंच उभा होतो. बाईनं सांगितलं, असं ते म्हणाले, आणि त्यांना ते तसंच आठवत होतं. माझा शब्द माझ्या डोळ्यांदेखत वहिनीच्या तोंडात गेला.

नवरा गेला, सासू गेली, दीर मारला. एकाच घरात तीन मयत आणि जमीन एकीच्या पदरात. पोलिसांना सगळी माळ ओवलेली मिळाली. तिच्यात दोरा कुणाचा होता, ते मला माहीत होतं.

वहिनीनं मग खरं सांगितलं. नवरा शॉक लागून गेला, म्हातारीनं चिरफाड नको म्हणून अटॅक सांगायला लावला. साहेब म्हणाले, "तेव्हा अटॅक म्हणालात, आता शॉक म्हणता. उद्या काय म्हणाल?" वायर कुठं आहे? नाही. कुणी पाहिलं? सासूनं, दिरानं. दोघंही मेलेले. तिनं माझं नाव घेतलं नाही. फक्त म्हणाली, मळ्यात आणखी माणसं राहत होती, त्यांना विचारा.

म्हणून जमादार माझ्याकडे आले. संध्याकाळची वेळ, मी अंगणात सायकल पुसत होतो. वहिनी तिच्या ओट्यावर वेणी ओवत बसली होती. इतक्या जवळ की सुई फुलातून निघताना दिसावी.

जमादार म्हणाले, "तुम्ही लाईटीतले. बाई म्हणती शॉक लागून गेला. काही वायरबियर होती का हो इथं?"

मी म्हणालो, "मी ड्यूटीवर होतो. मला काही कल्पना नाही."

"मोटर कशावर चालायची?"

"ते मी कधी बघितलं नाही."

जमादारांनी मान हलवली. त्यांना माझ्याकडून दुसरं काही अपेक्षित नव्हतं. मी वहिनीकडे बघितलं नाही, पण तिचा हात थांबला नाही हे मला कळत होतं, कारण फुलं टोपलीतून उचलल्याचा आवाज येत होता. ती काहीही बोलली नाही. एक वाक्य बोलली असती, ह्यांनीच टाकला होता आकडा, तर मी तिथंच कोसळलो असतो. ती उठली, वेणी ओल्या फडक्यात गुंडाळली आणि आत गेली. त्या दिवसानंतर तिनं मला लाईटवाले म्हणणं सोडलं. "अहो, ऐकता का" एवढंच. तेही क्वचित.

का बोललो नाही, याची मी पुढे पुष्कळ कारणं तयार केली. मुलगा लहान होता. नोकरी गेली असती. दादा तर परत येणार नव्हता. आणि धाकट्याच्या खुनाशी त्या आकड्याचा काय संबंध? हे शेवटचं कारण सगळ्यात चांगलं वाटायचं, कारण ते खरं होतं. काहीच संबंध नव्हता. तेच मी सांगायला हवं होतं. मी सांगितलं असतं, तर पोलीस ती माळ खाली ठेवून पेरूच्या बागेकडे गेले असते, जीपकडे गेले असते, कुठंही गेले असते. ते त्या घरातच बसून राहिले. राखेत विष शोधता येत नाही, म्हणून गुन्हा शाबीत होईना. आणि संशय जाईना. दिवस गेले, मग साहेब बदलले. धाकट्याला कुणी मारलं ते कळलं नाही. अजून कळलेलं नाही.

खरं कारण एकच होतं. मी घाबरलो होतो.

वहिनी मळा सोडून गेली नाही. निम्मी जमीन खंडानं दिली, बाकीच्या जमिनीत फुलं स्वतः करत राहिली. पण आसपासच्या लग्नाचे हार तिच्याकडून घेणं लोकांनी बंद केलं. तिच्या हातचं लग्नाला नको. मयताला चालायचं. कुणी गेलं की पोरगं सायकलवर यायचं, एक हार, थोडी सुटी फुलं. तीच वेणी ओवणारी बोटं. ती ते नाकारत नसे. माझी बायकोसुद्धा हळूहळू तिच्या ओट्यावर जायची बंद झाली. लहान मूल आहे म्हणाली. मी तिला अडवलं नाही. मग आम्ही नाशिक रोडला फ्लॅट घेतला. पहिल्या दसऱ्याला वहिनीनं कुणाच्या तरी हाती झेंडूची पिशवी पाठवली. बायकोनं दाराला तोरण केलं नाही, खाली आंब्याच्या झाडाशी ठेवून आली. मी गॅलरीतून बघत होतो.

पहिलं स्थळ मी कसं मोडलं ते वर लिहिलंच आहे.

दुसऱ्या वेळी एकच माणूस आला. नवऱ्या मुलाचा मामा, ओझरकडचा, द्राक्षवाला, दणकट. त्यानं चप्पल घालायची वाट बघितली नाही. बसल्या बसल्या म्हणाला, "लोकं म्हणत्यात, बाईनं नवऱ्याला इष घातलं. तुम्ही तिथं राहायचे. खरं काय ते सांगा, मी पाव्हणेरावळे फिरून दमलो."

माझं वाक्य तयार होतं. पण तोच पुढे म्हणाला, "पोरगी मला आवडली. मी तिलाच विचारलं, बाई, तुझे वडील कशानं गेले? तर म्हणली, शॉक लागून. म्हणलं, पुरावा? तर हसली. म्हणली, आई सांगती, एक जण हाय सांगणारा. त्याच्या येळेला तो सांगंल."

मी खिडकीकडे बघत बसलो. त्या खिडकीतून वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात. धूर सिन्नरच्या बाजूला वाकला होता. म्हणजे आज औषध मारता आलं नसतं.

मग मी सांगितलं. आकडा, ती सकाळ, म्हातारी, घमेलं, ग्रीस, जमादार. मला वाटलं होतं फार वेळ लागेल. चहा निवायच्या आत संपलं. मामानं कप खाली ठेवला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तो काहीतरी तोलत होता. शेवटी म्हणाला, "मला सांगून काय उपेग? हे बैठकीत बोलाल का? चार माणसांत?"

मी हो म्हणालो.

तो गेल्यावर बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. सगळं ऐकलं होतं तिनं. ओरडली नाही, रडली नाही. म्हणाली, "म्हणजे त्या बाईच्या हातचा चहा मी सोडला, तो तुमच्यामुळे." आणि आत जाऊन कुकर लावला. तिच्याशी माझं पुढे काय बोलणं झालं ते इथं लिहीत नाही. एवढंच सांगतो, बैठकीच्या दिवशी ती माझ्याआधी तयार होऊन बसली होती.

बैठक मळ्यातच, त्याच अंगणात. घरात पुरुष माणूस नाही म्हणून वडीलधारे म्हणून चुलतेच बसले होते, फेटा बांधून. संशय त्यांनीच पेरला आणि मुलीचं लग्नही त्यांनीच उभं करायचं, असं आमच्याकडे चालतं. कुणाला त्यात विपरीत वाटत नाही. वहिनी दाराच्या आत, चौकटीला टेकून. केस निम्मे पांढरे झाले होते. छोटी, आता छोटी कसली, पाणी देत फिरत होती. मला ग्लास देताना तिनं जरा जास्त वेळ बघितलं.

देण्याघेण्याचं सुरू व्हायच्या आधी मामानं माझ्याकडे हात केला. मी उभा राहिलो. बसून बोललो असतो तरी चाललं असतं, पण उभा राहिलो. म्हणालो, "ह्या मुलीचे वडील विजेच्या धक्क्यानं गेले. आकडा मी टाकला होता. पोलिसांना मी खोटं सांगितलं."

चुलते काठीशी चाळा करत म्हणाले, "पण ग्रीस म्हणाली ना ती."

"तिनं नाही, आबा. तुम्ही तांब्या हातात धरून विचारलं होतं. मी तुमच्या डाव्या बाजूला होतो. ग्रीस मी म्हणालो होतो."

म्हाताऱ्यानं माझ्याकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, पण ते मला बघत नव्हतेच, त्या दिवसाकडे बघत होते. ओठ हलले. मग त्यांनी स्वतःचा उजवा हात मांडीवर उलटा केला आणि डाव्या अंगठ्यानं तळव्यावर हळूहळू चोळायला लागले. "तू व्हतास," ते म्हणाले. "व्हय. तू व्हतास रं." आणि फेटा काढून बाजूला ठेवला.

मुलाकडच्या कुणीतरी दाराच्या दिशेनं विचारलं, "मग बाई, तुम्ही का नाही घेतलं यांचं नाव?"

वहिनी आतूनच बोलली. "वायर त्यांनी आमच्यासाठीच टाकली व्हती. आन मी नाव घेतलं असतं तर काय, म्हणले असते, आता दुसऱ्याच्या गळ्यात घालू राह्यली. ज्यानं झाकलं त्यानंच उघडावं लागतं."

मी जोडाचं, दुधाच्या पिशवीचं तिथं बोललो नव्हतो. बोलणार होतो. जिभेवर आलं आणि मी बसलो. एवढं झाल्यावरही थोडं राखून ठेवलंच.

लग्न ठरलं. नंतर मी पोलीस ठाण्यातही गेलो. तिथले साहेब तरुण होते, त्यांनी नीट ऐकून घेतलं, लिहून घेतलं. जुने कागद सापडले तर बघतो म्हणाले. खात्यातही मी लेखी दिलं. त्याचं जे व्हायचं ते झालं. ते सांगण्यासारखं नाही आणि तक्रार करण्यासारखंही नाही.

बैठकीनंतर माणसं पांगत होती, तेव्हा वहिनी बाहेर आली. माझ्या बायकोच्या हातात चहाचा कप दिला. बायकोनं तो दोन्ही हातांनी घेतला. मग माझ्याकडे न बघता वहिनी म्हणाली, "लाईटवाले, मांडवाची लाईट तुमच्याकडं."

किती वर्षांनी तो शब्द ऐकला. मी म्हणालो, "करतो."

"टेप लावून करा," ती म्हणाली.

म्हणजे तिनं बघितलं होतं. त्या सकाळी, मी वायर गुंडाळत असताना, ती वितळलेली पिशवी तिनं बघितली होती, आणि सगळं एवढी वर्षं ठेवून घेतलं होतं. मला काहीतरी बोलायचं होतं. तिनं हातानं थांबवलं. "उशीर केला तुम्ही," म्हणाली. "लय उशीर."

लग्नाच्या आदल्या दिवशी मी मांडवात वायर ओढली. नवी टेप घेतली होती, भरपूर. प्रत्येक जोड आधी मी गुंडाळायचो, मग पुन्हा हात फिरवून बघायचो. वहिनीनं स्टूल धरलं होतं. बायको आणि आसपासच्या बायका ओट्यावर हार करत बसल्या होत्या, लग्नाचे हार. मधेच वहिनी म्हणाली, "धाकट्याला लय हौस व्हती हिच्या लग्नाची. म्हणायचा, मांडवभर शेवंती लावीन."

मी म्हणालो, "हो."

"त्याचं कोण सांगंल?"

मी वर काम करत राहिलो.

ती स्टूल धरूनच म्हणाली, "असंल की कोणीतरी. तुमच्यासारखंच. काहीतरी बघितलेलं, घरी बायकापोरांत गप बसलेलं. वाईट नसंल माणूस." मग म्हणाली, "त्याला कोणीतरी सांगा, म्हणावं, सांगून मरत नाय माणूस."

मी म्हणालो, "सांगतो." शेवटचा जोड बांधला, खाली उतरलो आणि बटण दाबलं. मांडवातले सगळे दिवे लागले. वहिनीनं वर बघितलं, मग पेरूच्या बागेच्या बाजूला. ती बाग आता नाही, तिथं बिल्डिंग झाली आहे, खाली दुकानं. कुणीतरी त्या पहाटे तिथून गेलं असेल आणि त्यानं लुना झाडाला टेकवलेली पाहिली असेल, धाकट्याशी बोलणारं माणूस पाहिलं असेल. तो माझ्याच वयाचा असेल. वहिनीचा निरोप त्याच्यापर्यंत न्यायचं मी कबूल केलं होतं. पत्ता माहीत नाही, म्हणून हे असं लिहून ठेवतोय.